व्हिस्कीचा वास मी कुठे शिकले

ग्लासगो, रविवार

ती. नानांना नूतनचा दुरून नमस्कार.

आई सुखरूप पोचली. इथली थंडीही तिला मानवली. तुमच्या पायांची सूज उतरली का? डॉक्टरांनी दारू बंद केलीय, ते पाळताय ना?

काल इथल्या स्पर्धेत जपान, तैवान, आयर्लंडच्या व्हिस्की चाखून आम्ही परीक्षकांनी गुण दिले. एका ग्लासात मुद्दाम पाणी मिसळलं होतं. नुसत्या वासावरून ते मी एकटीनं ओळखलं.

"कुठे शिकलीस?" मुख्य परीक्षकांनी विचारलं.

"वडिलांकडे."

फैजपूरच्या घरी तुम्ही ग्लास माझ्या नाकाशी धरायचात. "तुह्या मायनं पानी टाकलं का वं?" मी आठ वर्षांची, खरं तेच सांगायचे. मग तुम्ही तिला मारायचात.

आईचं परतीचं तिकीट काढलेलं नाही. पथ्याचा स्वयंपाक करायला कुणी बाई बघा.

नूतन