कानबाईची फार्गो कोणामुळे अडली

मी, झुलाल वना माळी, वय ६३, धंदा ऑटो इलेक्ट्रिशियन, राहणार देवपूर, धुळे, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे आणि कोणाची बळजबरी नाही. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे, कारण माझा धाकटा भाऊ लोटन शंका काढल्याशिवाय राहणार नाही.

१. राहतं घर, बँकेतली ठेव आणि पेट्रोलवर चालणारी जुनी फार्गो ट्रक पत्नी ताईबाई हिला. आम्हाला मूलबाळ नाही. गाडी तिने विकावी, नाहीतर तीत कोंबड्या पाळाव्यात. लोटनने स्टिअरिंगला हात लावायचा नाही.

२. मल्टिमीटर व सगळी हत्यारं उखर्डू मिस्त्री यांना. या माणसाने बावीस वर्षं माझी गिऱ्हाइकं पळवली, पण तोंडावर पळवली.

३. लोटनचं दुकान ज्या गाळ्यात आहे, तो गाळा माझ्या नावावर आहे. त्याचं काय करायचं हे समजायला १९८७ चा श्रावण माहीत पाहिजे.

त्या वर्षी मी फार्गोचे ठिणगी पाडणारे जुने पॉइंट काढून मुंबईहून आणलेलं इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. जुन्या फार्गोत बॅटरीचा प्लस बॉडीला असतो. इग्निशनच्या नव्या डब्याला ते चालत नाही, म्हणून सगळी वायरिंग फिरवून मायनस बॉडीला घेतला आणि लोटनला दोनदा बजावलं. कानबाई ही आमची खानदेशची श्रावणातली देवी, तिच्या विसर्जनाला भाऊबंदांनी हीच गाडी सजवली. लोटनने धुण्यासाठी बॅटरी काढली आणि जुन्या सवयीने प्लस पुन्हा बॉडीला जोडला. कानबाई गाडीत बसवली, चावी फिरवली, तर बॉनेटमधून धूर. गाडी जागची हलली नाही.

कानबाई म्हणून पुजायचा नारळ त्या वर्षी ताईबाईने मांडला होता. लोटनची बायको कमलबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "इना हात लागना, म्हनीसन माय रुसनी." तेव्हापासून ताईबाईला कोणी कानबाईच्या प्रसादाच्या रोटाच्या पिठाला हात लावू दिला नाही.

बॉनेट उघडताच मला खरं कळलं होतं. लोटनने पाय धरले, "भाऊ, मन्ही इज्जत तुन्हा हातमा शे." मी गप्प बसलो. त्याच दिवाळीत या हरामखोराने माझ्याच गाळ्यात स्वतःचं वायरिंगचं दुकान थाटलं, आणि भाऊची वायरिंग जळते म्हणून गावभर सांगत सुटला. खाल्ल्या घरचे वासे मोजणं ते हेच.

तो जळका डबा माझ्या कपाटात आहे, तो लोटनला द्यावा. माझ्यामागच्या पहिल्या श्रावणात त्याने तो हातात धरून, कमलबाईला शेजारी उभी करून, भाऊबंदांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगावं की बॅटरी उलटी मी जोडली. मग ताईबाईच्या हातचा रोट दोघांनी खावा. एवढं केलं तर गाळा त्याचा. नाही केलं तर गाळा ताईबाईचा, आणि तिने तो उखर्डू मिस्त्रींना भाड्याने द्यावा.

४. दर श्रावणात कानबाईच्या रविवारी ताईबाई माहेरी नशिराबादला निघून जाते. मला तिने एकदाही काही विचारलं नाही. तिला वाटतं, खरंच तिच्यामुळे झालं. एका वाक्याने मला हे मिटवता आलं असतं. नऊ वर्षं मी ते वाक्य बोललो नाही. लोटनचा जेवढा राग येतो, तेवढाच मला माझा येतो.

म्हणून साक्षीदारांनी हा कागद तिरडी उचलण्याआधी अंगणात मोठ्याने वाचावा. अग्नी लोटनने द्यायचा नाही, ताईबाईने द्यावा. ऐकून ती नाही म्हणाली आणि पिशवी घेऊन निघाली, तर तिला कोणी अडवू नये. एसटी स्टँडपर्यंत सोडावं.

सही: झुलाल वना माळी

आमच्यासमोर सही केली, साक्षीदार:
१. अभिमन चिंधा पाटील, निवृत्त तलाठी, पारोळा
२. भटू छगन सोनवणे, देवपूर

धुळे, दि. १२ जुलै १९९६