पोटातल्या जिवाला धूर

ता. ४ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

काल तुझ्याकडे स्वेटरची घडी करताना खिशात सिगारेटचं पाकीट लागलं. सहावा महिना चालू आहे तुझा! तिथेच बोलले असते तर तोंडून भलतंसलतं गेलं असतं, म्हणून चहाही न घेता निघाले.

बारा वर्षं प्रयोगशाळेत हॉर्मोन तपासते मी, बाई. तू ओढतेस तेव्हा वारेच्या रक्तवाहिन्या आकसतात, बाळाला प्राणवायू कमी पडतो. तुझं इस्ट्रोजेन घटतं, ताणाची हॉर्मोन्स चढतात. बाळ दिवस भरायच्या आधी, कमी वजनाचं होऊ शकतं. एखाद-दुसरीनं काय होतंय, असं मनाला समजावत असशील तर ते आजच सोड. अक्कल कुठे गहाण टाकलीस?

तुझी ताई

ता. १० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून डोक्यात तिडीक गेली. आमच्या बाइंडिंगखान्यात दिवसभर उभ्यानं पानं जुळवायची. जेवणाशिवाय सुट्टी फक्त ओढणाऱ्यांना, जिन्यावर दहा मिनिटं. बसायला मिळावं म्हणून पहिली ओढली, लग्नाआधी. आता सुटत नाही. दोनदा सोडली, तर हात थरथरून पानं उलटी लागली.

आणि घरी? तुझे भावोजी माझ्या उशाशी बसून ओढतात. तो धूर बाळाला वळसा घालून जातो वाटतं? डॉक्टर मलाच झापतात, तूही मलाच. त्यांना लिहायला तुझी शाई संपली का?

तुझी धाकटी

ता. १४ मार्च

श्री. भावोजी यांस,
स. न. वि. वि.

शाई भरपूर आहे. तुम्ही सोडलेला धूर तिच्या रक्तात उतरतो, तिथून बाळापर्यंत जातो. बाळ दोघांचं आणि बोलणी एकटीला, हे बरं आहे! व्यसन सोडवणाऱ्या डॉक्टरीणबाईंची वेळ दोघांसाठी घेतली आहे, सोमवारी दहाला. तिला एकटीला बोल लावला ही माझी चूक, तेवढं तिला सांगा. तुम्ही गेला नाहीत तर मी येईन, आणि मग शेजारपाजारही ऐकेल.

तिची ताई

ता. २९ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मुलगी झाली. महिनाभर आधी, एक किलो नऊशे. दोन दिवस काचेच्या पेटीत होती, आता कुशीत आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एप्रिलपासून सोडलीस ते वाया गेलं नाही. लवकर का झाली, ते मात्र नक्की सांगता येत नाही म्हणे. मला रोज वाटतं, मला सांगता येतं. दूधही कमी येतंय.

तुला कळवायचं राहिलं. एप्रिलमध्ये जिन्यावर नुसतीच बसले, तर मुकादम म्हणाला ही सुट्टी ओढणाऱ्यांची. मी सगळ्यांदेखत विचारलं, की पोटातल्या जिवाला धूर पाजल्याशिवाय बसायचं नाही का? तो बाजूला झाला. आता सगळ्याच बायका बसतात.

तुझ्या भावोजींनीही सोडली होती. पण परवा पोरीला पेटीत पाहून बाहेर गेले आणि ओढून आले. शर्टाला वास येत होता. मी त्यांना तिला हात लावू दिला नाही. चिडले, रडले, निघून गेले. आज न ओढता आले, तरी दिली नाही. दाराशी उभेच आहेत.

तू ये. चार शब्द त्यांना सुनाव, चार मला. लोभ तर आहेच. रागही असू द्यावा.

तुझी धाकटी