ठरलेलं व्याज

आबा, इथे हरणी भागात एक लहान फ्लॅट बघितला आहे. राहायला नाही, भाड्याने द्यायला. हे गेले तेव्हा त्यांच्या फंडाचे जे आले ते सगळे त्यात घालायचे आणि उरलेल्याला कर्ज काढायचे. शाळेच्या ग्रंथालयातली माझी नोकरी संपली की त्या भाड्यावर जगायचे, असा बेत. हप्ता झेपला नाही तर फ्लॅट बँकेचा, आणि यांचे म्हणून जे उरले आहे तेही गेले. मग यांचा नुसता चष्मा राहील.

बँकेतल्या मुलीने दोन कागद दिले. एकात व्याज आज जास्त, पण शेवटपर्यंत तेवढेच. दुसऱ्यात आज कमी, पुढे चढेल की उतरेल कोणी सांगावे. घरी आणून दोन्ही तीनदा वाचले. शब्द न् शब्द कळला, आबा. ठरवता येत नाही. वाचता आले की सगळे सुटते, असे मला इतकी वर्षे वाटत होते.

सातवीत असताना रोज शाळा सुटली की मी तुमचा डबा घेऊन कोर्टाबाहेर यायची. तुम्ही लोकांना कागद वाचून दाखवता, मी शेजारी बसून तुमच्या बोटामागून अक्षरे लावते. एकदा पाणीगेटची एक बाई घर गहाण टाकायचा कागद घेऊन येते. तुम्ही शेवटपर्यंत वाचता. ती विचारते, "दादा, अंगठा करू का?"

"वाचणं माझं, ठरवणं तुमचं."

"तुमच्या मुलीचा कागद असता तर?"

तुम्ही कागदाची घडी करून तिच्या हातात देता. घरी येताना मी म्हटले, सांगायचे होते ना तिला. तुम्ही रस्त्यातच थांबलात. "दुसऱ्याच्या सहीत आपला हात घालू नये. चुकलं तर ती मला शिव्या देईल, आणि घर तिचंच जाईल."

आज बँकेत ती मुलगी म्हणाली, "बेन, उतावळ नथी. घरे कोईने पूछी जुओ." घाई नाही, घरी कोणाला तरी विचारून बघा, असे. माझ्या तोंडून निघून गेले, "वडिलांना विचारून सोमवारी सांगते." ती हसली. "पप्पा छे? नसीबदार छो!" तुम्हाला जाऊन किती वर्षे झाली, ते तिला काय माहीत; मी कागद पिशवीत घालून निघाले.

सोमवारी ती विचारील, पप्पा काय म्हणाले? मी सांगेन, ठरलेलं व्याज. ते बरोबर आहे म्हणून नाही, भीती वाटते म्हणून. उभ्या आयुष्यात तुम्ही कोणाला दिला नाहीत तो सल्ला मी तुमच्या नावावर खपवणार आहे. हे पत्र त्या दोन कागदांमध्येच ठेवते. चुकले तर शिव्या द्यायला कोणीतरी हवे आहे, आबा.