वळणावरचा लाडोबा

प्रिय बारक्या,

तिसऱ्यांदा लिहायला बसतेय. चार ओळी झाल्या की उठते, खिडकीशी जाते, जंगलाकडे बघते, परत येते. चहा केला, तो तसाच निवला. तुझे दाजी म्हणतात, एका जागी बस, नाहीतर खुर्चीला बांधून ठेवतो.

इथलं म्हणशील तर फाटकावर गर्दी तशीच. गाड्या थांबवायच्या, पिशव्यांतला खाऊ काढून घ्यायचा, आत खाली उतरू नका, जनावरांना काही घालू नका, हे पोपटासारखं सांगायचं आणि वर ‘बाई फार कडक’ हे ऐकून घ्यायचं. सुट्टीभर माझ्याकडे राहून तू हे रोज पाहिलंस, तरी खिशात पाव लपवून जायचास. आईविना राहिलेलं ते पाडस, तुझा लाडोबा, शीळ घातलीस की झुडपातून येऊन तुझ्या हातातलं खायचं. मी ओरडले तर म्हणालास, ताई, एका पावाने जंगल बुडतं का? मग तुझा व्हिडिओ गावभर झाला आणि जो तो त्या वळणावर गाडी थांबवून शीळ घालू लागला.

लाडोबा आता मोठा झालाय. शिंगं अशी की बघत राहावं. पण चरायचं विसरलाय. दिवसभर वळणावर उभा असायचा, कुणी काही फेकलं की पिशवीसकट गिळायचा. परवा एका मुलीने बिस्कीट पुढे केलं आणि घाबरून हात मागे घेतला. याने खिडकीत डोकं घातलं, पोरीचा गाल फाटला. तिच्या आईसमोर मला मान वर करवेना. चूक त्या पोरीची नाही आणि मुक्या जिवाचीही नाही. कुणाची ते लिहीत नाही, तू कुक्कुलं बाळ नाहीस.

आमच्या लोकांनी जाळं लावलं, त्यातून निसटून तो दाट झाडीत शिरला. आता कुणाच्याच शिळेला येत नाही. मीही घालून पाहिली, नुसती फुसफुस झाली. दाजी हसले. जनावरांचे डॉक्टर म्हणतात, पाठलाग केला तर भीतीनेच मरेल. आपणहून जवळ आला तर भूल देऊन कुंपणात नेता येईल. जंगल कायमचं सुटेल, पण जगेल तरी. साहेबांनी रविवारपर्यंत थांबायचं कबूल केलंय. त्यानंतर बंदूक.

फोनवर तू हो हो म्हणून ठेवून देतोस, म्हणून हे बसच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवतेय. रविवारच्या आत ये. पाव आणू नकोस. वळणावर उभा राहा आणि पूर्वीसारखी शीळ घाल, डॉक्टर मागे झाडीत असतील. तुझ्यावर त्याचा अजून विश्वास असेल, आणि तोच आपल्याला वापरायचाय, याचं मला फार वाईट वाटतं. तो येईल, तुझा हात हुंगेल. हात रिकामा असला तरी मागे घेऊ नकोस.

तुझीच,
ताई