सिव्काच्या गजकर्णावर साडेसत्त्याहत्तर वनस्पती

८ जून
माझ्या मांजरीच्या, सिव्काच्या कानामागं कोटाच्या बटणाएवढं गोल टक्कल. जनावरांच्या डॉक्टर पेत्कानोव्हाकडे नेली. तिनं खिडक्या बंद करून जांभळा दिवा धरला. टकलाच्या कडेचे केस कच्च्या सफरचंदासारखे हिरवे चमकले. म्हणाली, मास्तर, गजकर्ण आहे. रोज गोळी, आठवड्यातून दोनदा गंधक-चुन्याच्या पाण्याची आंघोळ, मांजर एका खोलीत बंद, घर रोज पुसायचं. निदान सहा आठवडे. लागोपाठ दोन तपासण्या स्वच्छ आल्याशिवाय बरी झाली म्हणायचं नाही. माणसांनाही होतं, लहान मुलांना आधी.
या पेत्कानोव्हाला मी आठवीत इतिहासाला सहापैकी तीन दिले होते. अजून मनात धरून आहे.

त्याच संध्याकाळी
मुलीचा, स्नेझानाचा वालेन्सियाहून फोन. एक जुलैला नातीला पाठवते म्हणाली. मग विचारलं, बाबा, घरात सगळं ठीक ना? मांजर वगैरे? काही असेल तर आत्ताच सांगा, बिल्यानाला मी वार्नाला तिच्या दुसऱ्या आजीकडे पाठवीन. म्हटलं, सगळं ठीक.
हे खोटं नव्हे. तीन आठवड्यांनी जे खरं होणार, ते मी आज सांगितलं. बायको गेल्यापासून वर्षाचे दहा महिने या घरात फक्त माझाच आवाज असतो. ती दुसरी आजी समुद्राकाठी राहते. तिला काय कमी?

९ जून
गोळी द्यायला गेलो, सिव्कानं अंगठा फोडला. जबरदस्तीला माझा आयुष्यभर विरोध आहे. गोळ्या बंद.

११ जून
गंधकाच्या पाण्याला सडक्या अंड्यांची घाण. असल्या घरात पोरीला आणायचं? बाटली परसात ओतली.
निश्चय: घर रोज पुसणार. उद्यापासून.

१४ जून
शेजारची वेन्काआजी म्हणाली, चोवीस तारखेच्या एन्योवदेन सणापर्यंत थांब, त्या पहाटेच्या दवात पाल्याला वर्षाचं बळ येतं. शाळेत असताना याच समजुतीविरुद्ध मी भित्तिपत्रकात जळजळीत लेख लिहिला होता. पण तेव्हा मी तरुण होतो. लोकांनी हजार वर्षं जपलेलं ज्ञान एका जांभळ्या दिव्यापुढं मान तुकवणार नाही. याच विषयावर संध्याकाळी वाचनगृहात बोललो. पाऊण तास. श्रोते चार, त्यातला एक दार लावायला आलेला.

१९ जून
टकलं आता तीन. रोग बाहेर पडतो आहे. चांगलं लक्षण.

२४ जून, पहाटे
वेन्काआजीबरोबर नदीकाठच्या कुरणात. साडेसत्त्याहत्तर वनस्पती खुडायच्या असतात. अर्धी कोणती, विचारलं. म्हणाली, ज्या दुखण्याला नाव नाही त्याची. म्हटलं, आपल्या दुखण्याला नाव आहे. म्हणाली, मग अर्धी नको, उरकायला घे, माझे गुडघे भिजले.
एकतीस मिळाल्या. बाकीच्या गवतात आल्या असं धरू म्हणाली.
दुपारी सगळं हिरव्या अक्रोडाच्या सालींबरोबर व्हिनेगरमध्ये उकळलं आणि सिव्काला चोळलं. ती कपाटावर जाऊन बसली.

२८ जून
टकलं काळीभोर. लांबून केसच आल्यासारखी दिसतात. जवळूनही, चष्मा काढला तर.
किराणावाल्या गिन्काकडून खोट्या नोटा ओळखायचा दिवा मागून आणला. टकलांवर धरला. हिरवं काहीच नाही. विज्ञानानंच साक्ष दिली. गिन्का म्हणाली, मास्तर, दिवा पुसून परत द्या हं.

१ जुलै
बिल्याना आली. आठ वर्षांची, वेणी कमरेपर्यंत. माझ्याआधी सिव्काला मिठी मारली. रात्री दोघी एका उशीवर झोपल्या. घर भरलं.

९ जुलै
पोरीच्या मानेवर लाल कडं. आमच्या डॅन्यूबचे डास.

१२ जुलै
पोरीच्या कानावरचे केस तुटतायत. वेन्काआजी म्हणाली, मास्तर, डास काय कंपास घेऊन चावतो? डॉक्टरकडे ने. डॉक्टरकडे नेलं तर पेत्कानोव्हाला कळणार, तिच्याकडून गावाला. उरलेला काढा पोरीच्या डोक्याला लावला. झोंबला तरी रडली नाही. आरशात पाहून म्हणाली, आजोबा, आम्ही दोघी सारख्या झालो.

१३ जुलै
ती आईला फोनवर स्वतःच सगळं सांगून मोकळी झाली. स्नेझाना सोळाला येते आहे.

१५ जुलै
विचारपूर्वक निर्णय घेतला. सिव्काला बाजाराच्या पिशवीत घालून पहिल्या बसनं शेवटच्या थांब्यावर नेलं, कोळ्यांच्या झोपड्यांपाशी. तिथं मासे आहेत, मोकळी हवा आहे. मांजराला स्वातंत्र्य हवं असतं. पिशवीतून बाहेर पडेना. पिशवी उलटी करावी लागली.
पोरीला सांगितलं, वेन्काआजीच्या कोठीत ठेवली आहे, जवळ जायचं नाही.

१७ जुलै
स्नेझाना ओरडली नाही. ओरडली असती तर मी उत्तर दिलं असतं, मुद्दे काढून ठेवले होते. एवढंच म्हणाली, बाबा, मी एकच गोष्ट विचारली होती.
इस्पितळातून दोघी आल्या तेव्हा वेणी नव्हती. मलम लागावं म्हणून केस पार कापलेत. काळे डाग तसेच. पोरीला सहा आठवडे गोळ्या.
पेत्कानोव्हाही येऊन गेली. म्हणाली, अक्रोडाचा रंग चढवल्यावर कुठला दिवा काय दाखवणार? आणि नोटांचा दिवा या कामाचा नव्हेच. सिव्काला आणा, वेळ गेलेली नाही, हा रोग हमखास बरा होतो. मी मान डोलावली.
बिल्यानानं हट्टानं सिव्काच्या गोळ्यांचं खोकं आणवलं आणि टेबलावर ठेवलं. संध्याकाळच्या गाडीनं दोघी वार्नाला गेल्या.

१८ जुलै
कोळ्यांकडे गेलो. हाका मारल्या. मांजरं वीसेक आली, ती नाही.

२६ जुलै
पुन्हा. एक म्हातारा जाळं विणत होता. म्हणाला, काळ्या डागांची? दोन दिवस थांब्यापाशी बसून होती. मग दिसली नाही. मास्तर, इथं कुत्री आहेत. मी म्हटलं, ती हुशार आहे. तो म्हणाला, असेल.

२ ऑगस्ट
पुन्हा. थांब्याभोवतीचं गवतसुद्धा पाहिलं.

९ ऑगस्ट
बिल्यानाचा फोन. पुढच्या उन्हाळ्यातही वार्नाच, आईनं ठरवलं आहे. मला वाईट वाटू नये म्हणून तिनं पटकन विषय बदलला. म्हणाली, गोळी जॅममध्ये घालून घेतली की कडू लागत नाही, सिव्कालाही तशीच दे. आज दिलीस? म्हटलं, दिली. चावली? नाही चावली. मग म्हणाली, आजोबा, फोन तिच्या कानाला लाव, मला तिच्याशी बोलायचं आहे, तू ऐकू नकोस.
मी फोन उशीला लावला. बऱ्याच वेळानं उचलून पाहिला. ती अजून बोलत होती. परत उशीला लावला.