कालचा शॉट

प्रिय उदयदादा,

फोनवर तू विचारतोस तेव्हा मी ‘सगळं ठीक’ म्हणते. इथे खरं लिहिते, कारण हे तुला पाठवणार नाही.

बाबांना आता आपण दोघंही आठवत नाही. नायक म्हणून गाजलेले चित्रपटसुद्धा आठवत नाहीत. लक्षात आहे तो एकच, मधेच बंद पडलेला. त्यातला नायिकेबरोबरचा प्रसंग पुरा व्हायचाय, आणि त्यांच्या लेखी ती नायिका मी. रोज तीच निळी साडी, तीच लांब वेणी. जेवतात फक्त माझ्या हातून. एकदा दुसरी साडी नेसले, तर ताट सरकवलं.

“अहो बाई, कंटिन्युटी! कालचा शॉट आजच्याला जुळायला नको?”

खडवलीच्या निवासी शाळेने मला नोकरी देऊ केली आहे. तिथेच राहावं लागेल. तुझ्या माजिवड्याहून आमची डोंबिवली लांब नाही, दादा, पण तू येणार नाहीस.

म्हणून काल पार्लरमध्ये जाऊन मी वेणी कापून टाकली आणि पिवळा ड्रेस घालून त्यांच्यासमोर उभी राहिले. वाटलं, आता मी त्यांना परकी होईन. मग कुठलीही नर्स चालेल.

बाबांनी बराच वेळ पाहिलं. मग हसले. इतके खूश ते कित्येक वर्षांत दिसले नव्हते.

“हे जास्त शोभतं तुम्हाला,” म्हणाले. “आधीचं सगळं रद्द. पहिल्या सीनपासून पुन्हा घेऊ.”

आज सकाळी तोच पिवळा ड्रेस घातला. धुतलेला, अजून ओलसर होता.

तुझी,
मेधा