फॉर्मवरचा ‘निवासी’

२४ जुलै २००२

बाबा,

तुम्ही मंडईतून याल तेव्हा मी घरी नसेन. इन्कम टॅक्सच्या ऑफिसात रिटर्न भरायला गेले आहे. तुम्ही भरून ठेवलेला फॉर्म मी फाडून टाकला.

गेल्या ऑगस्टमध्ये मी नोकरीसाठी जर्मनीला गेले. त्या आर्थिक वर्षात इथे पाच महिनेसुद्धा नव्हते. तरी तुम्ही शाईने ‘निवासी’ लिहिलंत. विचारलं तर म्हणालात, “आज ना उद्या परतच यायचंय ना तुला?” फॉर्म ते विचारत नाही, बाबा. किती दिवस इथे होते, एवढंच विचारतो. तुमचं ऐकलं असतं तर तिथल्या पगारावरही इथे कर लागला असता, आणि इथल्या जुन्या कंपनीने पूर्ण वर्षाच्या हिशेबाने जास्तीचा कापलेला टॅक्स परत मिळाला नसता. तो पैसा माझ्या कष्टाचा आहे. मी सोडणार नाही.

नव्या फॉर्मवर मी ‘अनिवासी’ लिहिलंय. तुम्ही तीस वर्षं कचेरीत लोकांचे फॉर्म तपासलेत. हा शब्द सुचला नाही, असं मला सांगू नका.

जेवून घ्या. मी दोनपर्यंत येते. विमानतळाची गाडी सहाला आहे, तोवर भांडायला वेळ आहे.

कल्याणी